शाबासकी आणि बसचा पास

यंदा श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आमच्या दारात एक उंचापुरा तरुण येऊन उभा राहिला. हातात पेढ्यांचा पुडा, पायांत नवे करकरीत बूट. मी ओळखण्यापूर्वीच तो नमस्कारासाठी वाकलादेखील.

"सर, फौजदार झालो. चौथ्या खेपेस. तुमच्यामुळं!"

वाचकहो, मास्तराच्या आयुष्यात 'तुमच्यामुळं' या शब्दासारखा गोड शब्द नाही. पगारवाढीचे पत्रदेखील त्याच्यापुढे फिके पडते. मी चेहरा शक्य तितका नम्र केला आणि स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अरे, माझं कसलं आलंय त्यात!" खरे सांगायचे तर त्याच्यासाठी आपण काय केले होते, हे मला मुळीच आठवत नव्हते. तो मागच्या बाकावर बसे आणि त्याच्या ऱ्हस्वदीर्घांशी माझे तीन वर्षे भांडण चालले होते, एवढेच काय ते स्मरणात होते.

चहा झाल्यावर त्यानेच खुलासा केला. तिसऱ्यांदा परीक्षेत अपयश आले, तेव्हा तो कॉलेजात मला भेटायला आला होता. भेटायला कसला, निरोप घ्यायलाच. "आता गावी जाऊन म्हशी सांभाळतो," असे तो म्हणाला. मी विचारले, "किती गुण कमी पडले?" "चार." "आणि पहिल्या खेपेस?" "एकतीस." "मग आता चारच गुणांचा अभ्यास राहिलाय की!" तो तिथेच व्हरांड्यात उभा राहून हिशेब करू लागला आणि मी निघून गेलो.

दिवाळी अंकात खोटे लिहू नये, म्हणून सांगतो. त्या दिवशी तासाची घंटा झाली होती, हातात हजेरीपट होता आणि दुसरे काही सुचले नाही म्हणून मी ते प्रश्न विचारले. पुढचे वर्षभर पहाटे चारला उठला तो, दुपारी चुलत्याच्या खताच्या दुकानात पोती मोजली त्याने आणि संध्याकाळी मैदानावर छाती फुटेस्तोवर धावलाही तोच. माझा वाटा दोन प्रश्नांचा. तरीही पेढे माझ्या घरी आले!

तो गेल्यावर मी ही हकीकत घरात दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सुरू करताच सौभाग्यवती म्हणाल्या, "एकाचे पेढे आले, ते कळलं. ज्यांचे आले नाहीत, त्यांचं काय झालं, ते कधी विचारलंत?"

पेढा घशातच अडकला. कारण त्यांना कोण आठवले होते, हे मला ठाऊक होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात डोंगराकडच्या एका गावाहून एक मुलगी येत असे. तिने भाताच्या खळ्यावर एक निबंध लिहिला. मळणी संपल्यावर रिकाम्या खळ्यात उरलेले दाणे टिपणाऱ्या चिमण्या आणि त्याच दाण्यांसाठी आलेली एक म्हातारी, एवढाच विषय. मी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. तेवढ्याने समाधान न होऊन स्नेहसंमेलनात, ध्वनिक्षेपकावरून, जाहीर केले, "ही मुलगी पुढे लेखिका होणार!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगी लाजली. आपण एका प्रतिभेला प्रोत्साहन दिले, या समाधानात मी त्या रात्री शांत झोपलो.

पुढच्या जुलैत ती वर्गात दिसली नाही. 'लग्न झालं असेल,' असे मनाशी म्हणून मी पुढचा क्रमांक पुकारला.

गेल्या वर्षी मे महिन्यात एस. टी. स्टँडवर ती अचानक भेटली. बरोबर आठ वर्षांची लेक होती. लग्न झाले होते हे खरे, पण कॉलेज सोडल्यानंतर दोन वर्षांनी. त्या साली वडील अंथरुणाला खिळले आणि बसच्या सवलतीच्या पासाचेही पैसे जमेनात, म्हणून ती भांगलणीला मजुरीने जाऊ लागली. पुढे सासरी गेल्यावर मुक्त विद्यापीठातून तिने रडतखडत का होईना, बी. ए. पुरे केले. आता गावच्या अंगणवाडीत सेविका आहे.

"अगं, मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

ती हसली. त्या हसण्यात रागाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. "सर, तुम्ही सगळ्यांपुढं मला लेखिका म्हणाला होता. लेखिकेनं बसच्या पासाचे पैसे कसे मागायचे?"

वाचकहो, त्या वर्षी कॉलेजच्या गरीब विद्यार्थी निधीच्या समितीवर मी होतो. अर्ज मागवणारी सूचना फळ्यावर लावली होती. तिचा मसुदा मीच केला होता आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वर्षअखेर निधीत शिल्लक राहिली होती.

तेव्हापासून प्रोत्साहन या शब्दाचा मी नव्याने विचार करू लागलो आहे. आपण शाबासकीलाच प्रोत्साहन समजतो. शाबासकी काम झाल्यावर द्यायची असते. तिला खर्च नाही आणि देणाऱ्यालाही ती सुखावते. प्रोत्साहनाची वेळ निराळी. वाट अडते त्या ठिकाणी ते लागते आणि तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसते.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे नाव आज कितीजणांना आठवेल? मुंबईतले एक शिक्षक आणि चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका शाळकरी मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. ज्या समाजावर शाळेची दारेच बंद होती, त्या समाजातील मुलाचे हे यश. तेव्हा अभिनंदनाची सभा भरली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ही झाली शाबासकी. केळुसकर इथेच थांबते, तर तेही माझ्यासारखे शांत झोपले असते. पण पुढे कॉलेजचा खर्च वडिलांना झेपेना, तेव्हा तेच त्या मुलाला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे कोण झाले, हे मी सांगायला नको.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत दिव्याशी जागरणे केली ती भीमरावांनी. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकण्याची पाळी वडिलांनी स्वतःवर घेतली. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात वाचायला काही केळुसकर बसले नव्हते. दुसऱ्याचा हात अडलेल्या जागेवरून पुढे काढतो. चालावे ज्याचे त्यालाच लागते.

आणि कधी कधी हातही नसतो. कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल पायी साताऱ्यास गेला. वयाने लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आला तसा तो परत गेला आणि पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे आपल्या नात्यातील एका हुशार मुलाला त्यांनी मुंबईस स्वतःच्या घरी शिकायला आणले. तो मुलगा, रघुनाथ परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. ज्याला दारातून परत पाठवले होते, त्यानेच दुसऱ्यासाठी दार उघडले, याचे मला मोठे अप्रूप वाटते. परत पाठवले गेलेले कित्येकजण पुढे उंबऱ्यावर बसून दुसऱ्यांनाही अडवतात, हे आपण रोज पाहतोच.

राहिला त्या मुलीचा प्रश्न : 'कसे मागायचे?' त्याचे उत्तर आमच्या सातारा जिल्ह्यात फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहातील मुले स्वतः राबत आणि शिकत. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज निघाले, तेही 'कमवा आणि शिका' याच पायावर. मुलाला मागावे लागू नये आणि फुकट मिळाल्याचे ओझेही वाटू नये, हे भाऊरावांनी ओळखले होते. गरिबाच्या मुलाचा स्वाभिमान हेच त्याचे भांडवल असते. मदत करताना आपण तेच खर्ची घालतो आणि वर म्हणतो, 'सूचना तर लावली होती!'

म्हणून गेल्या वर्षापासून मी एक साधी वही ठेवली आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मागल्या वर्षीचा हजेरीपट काढतो आणि जी नावे यंदा दिसत नाहीत, ती तीत उतरवून घेतो. मग एकेकाला फोन. फोन लागत नसेल, तर त्या गावच्या दुसऱ्या मुलाबरोबर निरोप. गेल्या वर्षी अकरा नावे निघाली. चारजण परत आले. एकाला फक्त फीचा हप्ता पाडून हवा होता, तर एकीच्या आजोबांना 'कॉलेजचे सर' घरी येऊन बोलले, एवढेच पुरले. उरलेल्या सातजणांसाठी मला काही करता आले नाही. त्यांची नावे मी खोडलेली नाहीत.

दिवाळीत आपल्या घरी पुतणे, भाचे, शेजारची मुले फराळाला येतील. त्यांना गुण जरूर विचारा, शाबासकीही द्या, पण जमल्यास आणखी एक प्रश्न विचारा : "अडलंय कुठं?" आणि उत्तर येईपर्यंत चकलीचे ताट पुढे सरकवू नका.

त्या मुलीला मी स्टँडवरच विचारले होते, "आता काही लिहितेस का?" ती नुसतीच मान हलवून बसमध्ये चढली. यंदा गणपतीनंतर तिच्याकडून वहीच्या सहा पानांचे फोटो माझ्या फोनवर आले. खळ्याचीच गोष्ट, पण आता ती त्या म्हातारीच्या बाजूने सांगितलेली. दोन ठिकाणी गोष्ट घसरली आहे. ते मी तिला कळवले. लेखिका वगैरे काही म्हणालो नाही. शेवटी एवढेच विचारले, "पुढचं कधी?"

उत्तर लगेच आले : "भाताची कापणी झाल्यावर, सर."