सातबाऱ्याची पीडीएफ उघडायची कशात?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनमधल्या जमिनीचा डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत पीडीएफमध्ये मिळतो. तो वाचायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं का? नाही. संगणकातला क्रोम, एज किंवा फायरफॉक्स पुरेसा आहे; फक्त तो अपडेट ठेवा.

पण वाचणं वेगळं, खात्री करणं वेगळं. क्रोम स्वाक्षरी तपासत नाही. त्यासाठी ॲडोबी रीडर मोफत आहे. तो ॲडोबीच्याच वेबसाइटवरून घ्या. त्यात प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सातबारा बनावट, असं नाही. स्वाक्षरीची खात्री अजून झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जमीन घेताय? मग व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर टोकन देऊ नका. १५ रुपये भरून ताजा सातबारा स्वतःच काढा.