चाप दाबून धरण्याचा हक्क कोणालाच नको

नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात एका कुरिअर कार्यालयात शिरून, पिस्तुलाचा धाक दाखवून लाखोंची रोकड लुटली गेली. असे काही घडले की बाजारात शस्त्रपरवान्याचा विषय निघतोच. त्यात गैर काही नाही. रोख पैसा हाताळणाऱ्याला भीती वाटणारच. पण या चर्चेतून एक प्रश्न हळूच पुढे सरकतो: गुंड भारी हत्यार बाळगतो, तर कायदा पाळणाऱ्याने हलक्यावरच का भागवायचे? सधन, सज्जन, गुन्ह्याची नोंद नसलेल्या माणसाला स्वयंचलित शस्त्रही का मिळू नये? माझे म्हणणे असे की भारतीय कायद्याने इथे मारलेली रेघ योग्य आहे आणि ती सैल करण्याचे एकही कारण टिकत नाही.

1959 च्या शस्त्र कायद्याने स्वयंचलित शस्त्राची ओळख साध्या शब्दांत सांगितली आहे. चाप दाबला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटतच राहतात, ते प्रतिबंधित शस्त्र. केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ते बाळगणे गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. ही व्याख्या बाजाराच्या जागी ठेवून पाहा. एके-47 चा वेग मिनिटाला सुमारे 600 गोळ्यांचा, मॅगझिन 30 गोळ्यांचे. म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ आटोपला. रविवारी पहाटे, आवक सर्वांत जास्त असते तेव्हा, फळ-भाजीच्या विभागात ट्रक आणि टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात, मधल्या बोळातून हमाल पाठीवर पोती घेऊन वाट काढतात, गाळ्यासमोर अडत्या, तोलणार, शेतकरी आणि किरकोळ विक्रेता असे चौघे एका पावतीवर वाकलेले असतात. त्या तीन सेकंदांत लुटारू एकच, बाकी सगळे भलतेच. स्वसंरक्षणाचा हक्क आपला कायदा देतो, पण बचावापुरतीच इजा करण्याची मुभा देतो. जे हत्यार एकदा सुरू झाले की नेम धरणेच अवघड, ते या अटीत बसवायचे कसे?

महाराष्ट्रात हा युक्तिवाद न्यायालयात तपासूनही झाला आहे. 1993 मध्ये अभिनेता संजय दत्त यांनी एके-56 रायफल घेतली. दंगलीच्या दिवसांत कुटुंबाच्या जिवाला धोका होता, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडे आधीच तीन परवान्याच्या बंदुका होत्या, हे मात्र विसरले जाते. त्याच वर्षीच्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटाच्या आरोपातून ते सुटले. पण मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्याखालील दोषसिद्धी कायम ठेवली, सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ते येरवड्यातून बाहेर आले. भीती खरी असली तरी तिच्यावरचा हा उपाय कायद्याला मान्य नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

पहिला आक्षेप ठरलेला: बंदी सज्जनांना, गुंडाला कोण अडवतो? याचे उत्तर पुण्याच्याच गुन्हेगारीत आहे. इथल्या टोळ्यांकडून जप्त होतात ते कोयते आणि मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारी गावठी पिस्तुले. एके-47 सहसा नाही. स्वयंचलित शस्त्रे महाराष्ट्रात आली ती 1993 मध्ये दिघीसारख्या किनाऱ्यावर उतरवून आणि 2008 च्या मुंबई हल्ल्यावेळी पुन्हा समुद्रमार्गेच. म्हणजे ती मिळवायला सीमेपलीकडचे पाठबळ लागते. खासगी मालकीला वाट करून दिली की तीच शस्त्रे चोरीने, उसनवारीने, वारशाने गल्लीत येतील. परवानाधारक जबाबदार असतो, हा दुसरा आक्षेप. 2024 च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका आमदाराने गोळीबार केला, तो परवान्याच्या शस्त्रातून. बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने असल्याचे तिथल्या एका सरपंचाच्या हत्येनंतर उघड झाले. तिथे पिस्तूल मिरवण्यासाठी होते की संरक्षणासाठी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. साध्या पिस्तुलाची छाननी ज्या यंत्रणेला झेपत नाही, तिच्या हाती याहून भारी शस्त्राचा परवाना कसा सोपवायचा?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. 1878 चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र ठेवण्यासाठी आणला, आणि काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत मानला होता. संविधान सभेत हरि विष्णू कामथांनी तो मागितलाही, डॉ. आंबेडकरांनी स्वीकारला नाही. घटनेने दिला तो शांततेने, शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क. परक्या राजवटीपुढे रास्त असलेली मागणी, मतदानाने सरकार बदलता येणाऱ्या देशात तशीच्या तशी लागू होत नाही. आणि कराचीतही ‘नियम’ हा शब्द होताच, हे त्या ठरावाचे दाखले देणारे सांगत नाहीत.

अमेरिकेचे उदाहरण दोन्ही बाजू देतात. तिथे मे 1986 नंतर बनलेली मशीनगन सामान्य माणसाला मिळत नाही. त्याआधीच्या नोंदणीकृत शस्त्रांतून गुन्हे फार कमी होतात, असे शौकीन सांगतात. होतात कमी, कारण त्यांची संख्या गोठवल्याने किमती आकाशाला भिडल्या आहेत. बंदीचेच फळ ते बंदीविरुद्ध पुरावा म्हणून दाखवतात! खरा धडा पुढचा आहे. 2017 मध्ये लास व्हेगासच्या हल्लेखोराने साध्या रायफलींना बंप स्टॉक जोडून स्वयंचलित शस्त्रासारखा मारा केला. सरकारने त्या जोडणीवर बंदी घातली, पण जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कायद्यातली चापाची व्याख्या तिला लागू होत नव्हती. आपली व्याख्याही चापावरच बेतलेली आहे. फरक इतकाच की आपल्या कायद्यात अन्य शस्त्रे प्रतिबंधित ठरवण्याचा अधिकार केंद्राला राजपत्रातील अधिसूचनेने वापरता येतो. गृहमंत्रालयाने अशा जोडण्यांसाठी तो आत्ताच वापरावा. त्यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही.