कागदाचा वास आणि जांबचा दाखला

वाचन प्रेरणा दिनाला जालन्यात एका वक्त्याने ई-बुक रीडरवर तासभर तोंडसुख घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्रातल्या पुस्तकाला वास नाही, यंत्राने डोळे जातात, वीज गेली की वाचन संपते आणि त्यात मराठी काहीच नसते. सभेने टाळ्या वाजवल्या. मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

डोळ्यांचे आधी निकालात काढू. वक्त्यांनी मोबाइल आणि रीडर एकाच दावणीला बांधले. मोबाइलचा पडदा डोळ्यांत उजेड फेकतो. रीडरच्या ई-इंक पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेने जागा बदलतात आणि उमटलेले पान कागदासारखे बाहेरच्या उजेडात वाचता येते. वैशाखातल्या उन्हात, शेताच्या बांधावरसुद्धा. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते. भारनियमनाची भीती आम्हाला घालू नये.

मराठी नाही म्हणता? ॲमेझॉनच्या किंडल रीडरवर 2016 पासून मराठी पुस्तके आहेत. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. साठ वर्षांची मुदत संपल्याने त्यांचे लेखन 2011 पासून स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आहे, म्हणजे ते रीडरमध्ये कुणालाही भरता येते.

आता वास. ज्याच्या घराजवळ पुस्तकांचे दुकान आहे, त्यालाच हा वास परवडतो. मंठा-जाफराबादकडच्या खेड्यातल्या मुलीला पुस्तकच मिळत नाही, तिला वासाचे कौतुक काय सांगता? शिवाय हा वाद जुनाच आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत 1831 साली पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्या माणसांना छापील कागद चालत नव्हता. त्यांनी शाईत तूप घातले आणि काम पुढे नेले. तेव्हा हस्तलिखित पवित्र आणि छापील बाटलेले होते. आज छापील पवित्र आणि पडद्यावरचे बाटलेले झाले आहे. दोन्ही वेळा वाद अक्षरे कशावर उमटली याचाच. ती वाचली जातात का, हे कुणी विचारत नाही.

ते विचारणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात जन्मला. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे काढावे, असे त्यात बजावले आहे. समर्थांना काळजी होती ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांची. माझ्या आईची दासबोधाची प्रत बारीक टाइपाची. मोतीबिंदूनंतर तिने ती मिटून देवघरात ठेवली. रीडरवर अक्षर बोटाएवढे केले, तेव्हा वीस दशकांचे वाचन तिने पहिल्या समासापासून पुन्हा सुरू केले.

यंत्रात उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत. स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तके सहा इंची पडद्यावर नीट वाचता येत नाहीत. विकत घेतलेले पुस्तक वाचून शेजारणीला देता येत नाही. 2009 मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसली. कपाटातले पुस्तक असे कुणी नेऊ शकत नाही. वक्ते यावर बोलले असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते वासावरच बोलत राहिले.

माझे मागणे साधे आहे. तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयाने चार रीडर घ्यावेत, त्यांत हक्कमुक्त मराठी पुस्तके भरावीत आणि छापील पुस्तकांसारखीच त्यांची देवघेव करावी. कागद कपाटात राहीलच. पहिला रीडर मात्र, अक्षर बारीक झाले म्हणून ज्यांचे वाचन सुटले, त्यांच्या हाती द्यावा.