बाबांची विजेची नळी

लंडन-लेस्टरकडे मुलगा-सून असलेल्या घरांतून हल्ली एक ठराविक विचारणा येते. वडील सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेले, वय सत्तरीपलीकडचे, पन्नास वर्षांची सिगारेट काही सुटत नाही. घरात तान्हे नातवंड, बाहेर हाडे गोठवणारी थंडी, आणि बाबा पायजम्यावर ओव्हरकोट चढवून मागील दारी झुरके घेत उभे! तेव्हा त्यांना ती विजेवर चालणारी सिगारेट आणून द्यावी म्हणतो. पण कोणती द्यावी?

प्रश्न इंग्लंडातला आहे म्हणूनच उत्तर देता येते. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सारेच बंद केले आहे. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी पुढला मजकूर वाचून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे चौकशी करू नये. त्यांच्याही उपयोगाचे थोडे शेवटी आहे.

ही वस्तू तशी साधी. एक लहानशी बॅटरी, तारेचे बारीक वेटोळे, त्याला लागून कापूस आणि कापसात मुरणारा रस. रसात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, थोडा स्वाद आणि निकोटीन. वेटोळे तापले की रसाची वाफ होते. जळत काहीच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. निकोटीन माणसाला बांधून ठेवते खरे, पण फुप्फुसाचा कर्करोग होतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुराने. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली असे मत दिले, की या वाफेचा दीर्घकाळचा अपाय धुराच्या अपायाच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याचा संभव कमी. हा अंदाज झाला, हमीपत्र नव्हे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने या नळीच्या वाटेला जाऊ नये, आणि कॉलेजातल्या नातवाच्या हाती ती दिसली तर त्याचा कान धरावा. पन्नास वर्षे धूर गिळलेल्या माणसाची गोष्ट निराळी.

दुकानात गेलात की पोरगेला विक्रेता वॅट आणि ओहम सांगू लागतो. ते ऐकून घ्यावे आणि बाबांच्या बोटांकडे पाहावे. तिकडे रसाच्या बाटलीला मुलांना उघडू नये असे झाकण कायद्यानेच असते, दाबून फिरवायचे. ते नातवाला उघडत नाही हे ठीक, पण सांधे धरलेल्या आजोबांनाही उघडत नाही! उघडलेच, तर बारीक चोचीतून बारीक भोकात थेंब सोडायचे. हात कापत असेल तर निम्मा रस टेबलावर. आणि हा रस पोटात गेला तर लहान मुलाला विषबाधा होते. म्हणून आमची पसंती भरूनच आलेल्या डबीला. तिला तिकडे पॉड म्हणतात. जुनी उपसावी, नवी बसवावी, काम झाले. वेटोळे डबीतच असते, त्यामुळे ते बदलण्याची कटकट नाही. खर्च थोडा जास्त येतो. तो मुलाने सोसावा.

बटण नसलेली नळी घ्यावी. काही यंत्रे पाच वेळा बटण दाबल्यावाचून जागीच होत नाहीत. ओढताच आपोआप तापणारी बरी. आकड्यांचा पडदाही नको, एक दिवा पुरे. आणि नळ्या दोन घ्याव्या. एक चार्जिंगला लागलेली असताना दुसरी हाताशी नसेल, तर हात पुन्हा पाकिटाकडे जातो. एकदा वापरून फेकायच्या नळ्यांची ब्रिटनमधली विक्री १ जून २०२५ पासून बंद झाली आहे. कुणी स्वस्तात देऊ केल्या तरी घेऊ नयेत.

आता तेजाचा प्रश्न. सूनबाई म्हणतात, “बाबा, कमीत कमी कडक घेऊ या.” बोलतात त्या मायेने, पण घोटाळा इथेच होतो. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला सहा मिलिग्रॅमचा रस म्हणजे पाणी घातलेला चहा. चौथ्या दिवशी बाबा मागील दारी! तिकडे कायद्याची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. इतके ओढणाऱ्याने त्याच्या आसपास सुरुवात करावी; दहाच्या आत असणाऱ्याला दहा-बारा पुरते. ‘निकोटीन सॉल्ट’ लिहिलेला रस घशाला कमी लागतो. झुरका मात्र सिगारेटसारखा खसकन घेऊ नये, ठसका लागतो. तीन-चार सेकंद सावकाश ओढावे. सिगारेट आपणहून संपते, ही संपत नाही. दोन-चार झुरके झाले की खिशात ठेवावी, आणि मळमळले किंवा गरगरले तर त्या वेळेपुरती बंद.

सकाळच्या चहाबरोबर एक सिगारेट आणि उरलेला दिवस नळी, असा तह पुष्कळ लोक करतात. पहिले काही दिवस करू द्यावा, पुढे नाही. वीसची एक झाली म्हणून हृदयविकाराचा धोका काही विसाव्या हिश्श्यावर येत नाही. त्याहून पुष्कळ जास्त उरतो.

डॉक्टरांना आधी सांगावे, हे महत्त्वाचे. धुरामुळे यकृत काही औषधे भराभर निकालात काढते. धूर थांबला की तीच गोळी अंगावर येते. दम्याची थिओफिलिन त्यांतली एक, मनोविकारावरची क्लोझापिन दुसरी. नळीतून निकोटीन मिळत राहिले तरी हे घडते, कारण हा गुण धुराचा. आणि घरात प्राणवायूचे सिलिंडर असेल तर त्याच्या जवळपास नळी नेऊच नये, भडका उडतो.

परतीच्या वेळी काय? नळी आणि डब्या मुलाच्या घरीच ठेवून यायच्या. ‘एकच तर आहे’ ही सबब कस्टममध्ये चालत नाही. आयात हा गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून तारखेच्या दीड-दोन महिने आधीपासून रसाचे तेज उतरवत आणावे. इथे आल्यावर, आणि जे कधी विलायतेला गेलेच नाहीत त्यांनाही, निकोटीनचा गम आणि कातडीवर लावायची पट्टी आहे. गम पानासारखा रवंथ करायचा नसतो. थोडा चावून गालात दाबून ठेवायचा, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचा. कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटे थांबावे. कवळीला गम चिकटतो, तेव्हा कवळीवाल्यांनी पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत. फोन मात्र बाबांनी स्वतः करायचा, सूनबाईंनी नव्हे. तिथल्या माणसाला दिवसाच्या सिगारेटी किती आणि पहिली कितीला, हे ओढणाऱ्याच्याच तोंडून हवे असते.