पुन्हा पहिला धडा

मागच्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. चहाचा पहिला कप हातात होता, पेपर नुकताच अंगणात पडला होता आणि फोन वाजला. "सर, झोपमोड तर नाही ना केली?" आवाज माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. पोलादपूर तालुक्यातल्या एका आडगावची ही मुलगी. रोज एसटीने महाडला शाळेत यायची. पावसाळ्यात दप्तर, गणवेश सगळे ओले. तरी एक तास चुकवायची नाही. पुढे इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आणि गेली नऊ वर्षे ती थायलंडमधील एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते आहे.

ती तिकडच्या गमती नेहमी सांगते. तिथे शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो आपलाच 'गुरू'. भाषेला 'फासा' म्हणतात, ती आपलीच 'भाषा'. त्या दिवशी मात्र गमती लवकर संपल्या. म्हणाली, "सर, दर वर्षी मे महिन्यात पुन्हा पहिला धडा. मुलं पुढच्या वर्गात जातात, मी तिथंच. करार एका वर्षाचा, व्हिसा नोकरीला बांधलेला. आता चौतिशी पूर्ण झाली. दुसरं काही करावंसं वाटतं. पण घरी कसं सांगू?"

काय करावेसे वाटते, ते मी विचारले. तिच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. मधल्या सुट्टीत ती वर्षभर त्याच्याजवळ बसली. इंग्रजी बाजूला ठेवून नुसते सावकाश बोलणे, श्वास घेणे, थांबणे. वर्षाच्या शेवटी त्या मुलाने सगळ्यांसमोर आपले नाव नीट सांगितले. नऊ वर्षांत जेवढे समाधान मिळाले नव्हते तेवढे तिला त्या दिवशी मिळाले. मग तिने वाचा-उपचाराच्या शिक्षणाची चौकशी केली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, हे तिला ठाऊक होते. पण तिथल्या या विषयाच्या पदवीला बारावी विज्ञान शाखेतून झालेले असावे लागते. ही पहिल्यापासून कला शाखेची. "दार बंद झालं, सर," एवढेच ती म्हणाली.

'परदेशात नोकरी आहे, पगार वेळेवर मिळतो, मग हे डोहाळे कशाला?' असे म्हणणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. महाड-पोलादपूरची चूल पिढ्यान् पिढ्या बाहेरगावच्या पैशावर पेटत आली. मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर यायची, नंतर आखातातून ड्राफ्ट आले, आता परदेशातून थेट बँकेत जमा होतात. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले, तेव्हा या मुलीच्या भावाच्या दुकानात सुकी वस्तू उरली नव्हती. ते दुकान पुन्हा उभे राहिले ते तिच्या पगारातून. अशा घराला 'आता मला दुसरे काही करायचे आहे' हे सांगणे सोपे नाही. चाकरमान्याला आपण 'कधी येणार?' आणि 'कधी पाठवणार?' हे दोनच प्रश्न विचारायला शिकलो. 'तुला काय आवडते?' हा तिसरा प्रश्न आपल्या रीतीत बसत नाही.

मला त्या वेळी आठवण झाली ती पंडिता रमाबाईंची. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टर व्हायचे मनात धरून. पण त्यांना ऐकू कमी येत होते आणि त्यामुळे ते दार बंद झाले. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या आणि तिथेच स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकू लागल्या. परक्या मुलखात भाषा शिकवून राहणारी, पदरात लहान मुलगी असलेली एक विधवा. तिथेच थांबत्या, तरी कोणी नाव ठेवले नसते. पण १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे त्यांचे लक्ष बालवाडीच्या शिक्षणपद्धतीने वेधून घेतले. आपल्याकडच्या मुलींसाठी हेच हवे, असे त्यांनी ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. डॉक्टरकी हुकलेली आणि संस्कृत शिकवणारी बाई एका तिसऱ्याच कामाला लागली.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी रमाबाईंच्या जिद्दीपाशी थांबतो. मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च उचलण्याची हमी घेतली. जिद्द रमाबाईंची होती, पण पायाखाली दहा वर्षांची जमीन दुसऱ्यांनी दिली होती. 'मनात आणलं की सगळं होतं' हे वाक्य आपण मुलांना फार सहज सांगतो. मनात आणल्यानंतर घरभाडे कोण देणार, हे सांगायचे मात्र विसरतो.

आता दुसरी बाजू. प्रत्येक आवडीचा व्यवसाय केलाच पाहिजे का? आमच्या महाडजवळच्या नाते गावात १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे याचे उत्तर आहेत. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे अर्थमंत्री झाले. आणि या सगळ्या धबडग्यात संस्कृत त्यांनी कधी सोडले नाही. मेघदूत मराठीत आणले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. संस्कृतसाठी त्यांना नोकरी सोडावी लागली नाही आणि नोकरीसाठी संस्कृत.

उलट धर्मानंद कोसंबी पाहा. गोव्यातून निघालेला हा माणूस सिंहलद्वीपात पाली शिकला, हार्वर्डला जाऊन ग्रंथसंपादन केले आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवत होता. वय पन्नाशीच्या पुढे. पण १९३० मध्ये देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि हे प्राध्यापक त्यात उतरले.

मग कोणाचा कित्ता गिरवायचा? मला वाटते, फरक आवडीच्या स्वरूपात आहे. जी आवड एकट्याने, रात्री दिव्याखाली बसून भागते, तिला नोकरीच्या शेजारी नांदू द्यावे. पण जी आवड दुसऱ्या कोणाच्या गरजेतून जन्मली, तिला उरलेला वेळ पुरत नाही. अडखळणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीतला अर्धा तास किती दिवस पुरणार?

म्हणून मी त्या मुलीला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, राजीनामा घाईने देऊ नकोस. करार संपेपर्यंत काम कर आणि दोन वर्षांच्या खर्चाचा आकडा कागदावर मांड. दुसरी, एक दार बंद म्हणजे घर बंद नव्हे. वाचा-उपचाराला विज्ञान लागते, पण श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकवण्यासाठीचे विशेष बी.एड. पदवीधरांसाठी आहे. भाषा कशी तुटते आणि कशी जुळते, हे नऊ वर्षे पाहिलेली शिक्षिका तिथे कोरी पाटी घेऊन जाणार नाही. आणि तिसरी गोष्ट, घरी सांग. लपवून घेतलेला निर्णय पुढे दोघांनाही टोचतो.

शेवटची गोष्ट खरे तर तिला नव्हे, तुम्हा-आम्हाला सांगायची आहे. पुरानंतर बहिणीने घर सावरले, तर बहिणीला सावरायची पाळी कधीतरी घराची यायला हवी. बॉस्टनची संस्था आपल्या मुलामुलींच्या नशिबी नसते. त्यांची संस्था म्हणजे आपण. दहा वर्षे नकोत, दोन वर्षे पैसे मागू नयेत आणि गावात कोणी विचारले तर मान खाली घालू नये, एवढे केले तरी पुष्कळ.

गेल्या रविवारी तिचा पुन्हा फोन आला. भावाला सगळे सांगितले म्हणे. मी विचारले, "काय म्हणाला?"

"बराच वेळ गप्प होता, सर. मग विचारलं, किती वर्षांचा कोर्स आहे?"