जुन्या फोटोतला रस्ता कुणाचा?

जुन्या चांद्याचे फोटो हल्ली फोनवर भरपूर फिरतात. जटपुरा गेट, परकोटाची भिंत, महाकालीचे मंदिर, बैलगाडी, एखादा मोकळा चौक. खाली ठरलेली वाक्ये असतात : ‘काय ते दिवस होते!’, ‘किती शांत होते आपले गाव!’ आपली मुलेसुद्धा हे फोटो हौसेने पुढे पाठवतात. त्यात वाईट काही नाही. गावावर प्रेम सगळ्यांचेच असते. पण एक साधा प्रश्न विचारायला हवा. त्या ‘शांत’ रस्त्यावरून आपली पणजी कशी चालत होती? मान वर करून की अंग चोरून? हा प्रश्न न विचारता जुना फोटो पाहणे म्हणजे दुसऱ्याच्या आठवणी आपल्या म्हणून मिरवणे होय.

फोटो खोटे बोलत नाही, असे आपण मानतो. फोटो खोटे बोलत नसेलही, पण तो सगळे सांगत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण फोटोग्राफीच्या जन्माशीच सापडते. लुई दागेर याने 1838 साली पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी एका फोटोला काही मिनिटे लागत. त्यामुळे चालणारी माणसे आणि धावणाऱ्या गाड्या फोटोत उमटल्याच नाहीत. गजबजलेला रस्ता ओसाड दिसला. उमटला तो एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. माणूस दिसणारा पहिला फोटो म्हणून जगभर हाच फोटो दाखवतात. आणि त्याच्या पायाशी बसून पॉलिश करणारा? तो एक अस्पष्ट डाग आहे. जगाने ‘पहिला माणूस’ म्हणून मोजला तो सेवा घेणारा. सेवा देणाऱ्याची गणती नंतर, झालीच तर.

हा तंत्राचा दोष होता, हे मान्य. पण आपल्याकडे याला जातीची जोड मिळाली. आपल्याकडे रस्ता हा कधीच नुसता रस्ता नव्हता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्यांना कोणत्या अटींवर चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या प्रबंधात सुरुवातीलाच मांडले आहे. केरळात वायकोमला 1924-25 साली जो सत्याग्रह झाला, तो मंदिरात जाण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे, एवढ्यासाठी होता. महाडला 1927 साली माणसे सार्वजनिक तळ्याचे पाणी प्यायली, म्हणून त्यांच्यावर हल्ले झाले. आता विचार करा. या रस्त्यांचे, त्या तळ्याचे त्या वेळचे फोटो समोर ठेवले, तर त्यात काय दिसेल? झाडे, पाणी, पायऱ्या. नियम दिसणार नाही. फोटोत विहीर दिसते, पण विहिरीवर कुणी चढायचे नाही हे दिसत नाही. जात ही फोटोच्या चौकटीत न मावणारी गोष्ट आहे, म्हणूनच जुना फोटो इतका निरागस वाटतो.

आपल्या शहराकडे याच नजरेने पाहा. गोंड राजांच्या परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि शिवाय खिडक्या. दरवाजाचा फोटो समोर आला की त्याची कमान पाहून थांबू नका. या दरवाजाच्या आत कुणाची घरे होती, बाहेर कुणाची? मेलेले ढोर कुणी ओढत नेले, कुठल्या वाटेने? नगरपालिकेचा झाडू कुणाच्या हातात होता? चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाडा आणि तेलंगणातून माणसे येतात. त्यांनी केलेली घाण दुसऱ्या दिवशी कोण उचलत होते? फोटोतला रस्ता स्वच्छ दिसतो, म्हणजे तो कुणीतरी झाडलेला आहे.

आपली माणसे जुन्या फोटोंत अगदीच नाहीत, असेही नाही. आहेत, पण कशी? 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड काढले. त्यांत साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. उद्देश होता राज्य चालवण्यासाठी जाती-जमाती ओळखून ठेवण्याचा. पुढे 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. त्या खंडांत चामडे कमावणारे, टोपल्या विणणारे लोक फोटोंतून भेटतात. फोटोखाली जात लिहिली आहे, धंदा लिहिला आहे. माणसाचे नाव नाही. राजे-रजवाड्यांच्या फोटोखाली नाव, किताब, गाव सगळे असते. आपल्या माणसाला मात्र ‘नमुना’ म्हणून उभे केले जाते. नाव नसले की माणूस उरत नाही, जात उरते.

आणि हे इंग्रजांबरोबर संपले असे समजू नका. 1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तेव्हापासून आजपर्यंत तिकडे जाणारा कॅमेरा काय शोधतो? आठवडी बाजारातली माडिया बाई, गळ्यातल्या माळा, डोक्यावरचा मोळा. खाली लिहितात, ‘आदिवासी महिला’. तिचे नाव विचारायला किती वेळ लागतो?

यावर कुणी म्हणेल, उगाच जात शोधता. फोटोग्राफरने समोर जे दिसले ते टिपले. कॅमेरा महाग होता, काचेच्या प्लेटा महाग होत्या. हे खरेच आहे, आणि माझा मुद्दाही हाच आहे. कॅमेरा महाग होता, म्हणून तो साहेबाकडे, मिशनऱ्याकडे, मालगुजाराकडे होता. ज्याच्याकडे कॅमेरा, त्याचीच नजर. इथे कुणाचे कारस्थान शोधायची गरजच नाही. ज्या समाजात जमीन, विद्या आणि पैसा जातीने वाटला गेला, तिथे आठवणीही जातीनेच वाटल्या जाणार. हेच कॅमेऱ्यामागची नजर बदलली तर काय होते, ते सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले त्यांत पाहा. तिथे घाण दिसते, आणि त्या घाणीला जबाबदार असलेली व्यवस्थाही दिसते.

मग आपले फोटो कुठे आहेत? ते आपल्या घरांत आहेत. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बममध्ये, भिंतीवरच्या तडकलेल्या काचेमागे. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर कोट घालून, खिशाला पेन लावून उभा राहिलेला आजोबा बघून आपण हसतो. हसू नका. ज्याच्या बापाला धड कपडे घालू देत नव्हते, त्याने पैसे मोजून स्वतःला हवा तसा फोटो काढून घेतला. ते त्याचे निवेदन आहे. आजीच्या नेसणीकडे नीट पाहा. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितले की अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी लुगड्याची नेसण आणि दागिने सोडा. बायांनी ते ऐकले. त्यामुळे लुगड्याची लांबी हासुद्धा आपल्या चळवळीचा पुरावा आहे. तो सरकारी दप्तरात मिळणार नाही, आजीच्या फोटोत मिळेल.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात येऊन धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे नाव आपण घेतो, घेतलेच पाहिजे. पण त्या दिवशी खेड्यापाड्यांतून, जंगलातल्या वाटांनी भाकरी बांधून चालत आलेली माणसे कोण होती? तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. दर वर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला आपण दीक्षाभूमीवर जातो आणि दर वर्षी त्या गर्दीतले काही चेहरे कमी झालेले असतात. त्यांच्याबरोबर फोटोतल्या माणसांची नावेही जातात.

यात आपल्या चळवळीचाही हिशेब झाला पाहिजे. आपल्या मोर्च्यांच्या, परिषदांच्या फोटोंखाली काय लिहिलेले असते? मंचावरच्या पाच-सहा पुढाऱ्यांची नावे, आणि शेवटी ‘व इतर कार्यकर्ते’. सतरंज्या उचलणारी, स्वयंपाक करणारी, लेकरू कडेवर घेऊन घोषणा देणारी बाई त्या ‘इतर’मध्ये आहे. रसेलने आपल्याला जे केले, तेच आपण आपल्या बायांना करतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघरी जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, म्हणून 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभे राहिले. त्या गेल्या नसत्या तर त्या बायांचा इतिहास त्यांच्याबरोबरच मातीत गेला असता.

म्हणून तरुण मित्रांनो, काम सोपे आहे पण ते आजच करायचे आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवा. लोकांना पेटीतले जुने फोटो आणायला सांगा. फोटो काढून घेऊ नका, तिथेच स्कॅन करा आणि परत द्या. प्रत्येक फोटोसाठी वहीत पाच गोष्टी लिहा : कोण, कुठे, केव्हा, कशासाठी, आणि फोटो कुणी काढला. बायांची नावे ‘अमक्याची बायको’ अशी लिहू नका, त्यांचे स्वतःचे नाव लिहा. सांगणारी आजी जे बोलते ते फोनवर रेकॉर्ड करा. तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. आणि गोंड, माडिया, मेहतर, ढिवर वस्तीतल्या तरुणांनाही हेच सांगा. त्यांचा इतिहास त्यांनी गोळा करावा, आपण सोबत राहावे.

मग पुढच्या वेळी कुणी जटपुरा गेटचा फोटो ‘काय ते दिवस होते’ म्हणून पाठवला, तर भांडत बसू नका. त्याच रस्त्यावरचा आपल्या आजीचा फोटो पाठवा. खाली तिचे पूर्ण नाव लिहा.

जयभीम!