विश्लेषण : प्रसादाचा शिरा, तापाची गोळी, उंदराचे औषध... पाळीव श्वानाला घरातूनच धोका कसा?

सत्यनारायणाची पूजा आटोपते आणि वाटीभर शिरा घरातल्या कुत्र्यापुढेही ठेवला जातो. तोही घरचाच, ही भावना त्यामागे असते. त्या शिऱ्यात बेदाणे असतात. त्याच घरात कधी कुत्र्याचे अंग गरम लागले म्हणून तापाची गोळी पोळीत गुंडाळून दिली जाते, आणि ओट्याखाली उंदरांसाठी ठेवलेली रंगीत वडी कुणाच्या लक्षातही नसते. शहरांत श्वानपालन वाढले, त्यांच्यासाठी खाद्य, कपडे, केशकर्तनालयेही आली. मात्र कुत्र्याने नको ते खाल्ले तर पहिल्या तासात काय करायचे, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. धोक्याच्या बहुतांश वस्तू माणसासाठी निरुपद्रवी किंवा औषधी असल्याने संशयही येत नाही.

कोणते खाद्यपदार्थ घातक?

चॉकलेटचे नाव सर्वांना माहीत असते. त्यातील थिओब्रोमाइन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते आणि हृदय व मज्जासंस्थेला उत्तेजित करत राहते. किती खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, यावर धोका ठरतो. साधारणपणे शरीराच्या दर किलोमागे २० मिलीग्रॅम थिओब्रोमाइन गेल्यास उलट्या व अस्वस्थता दिसते, ४० ते ५० मिलीग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दहा किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅम दुधाळ चॉकलेट खाल्ले तर तो पहिल्या पायरीवर असतो. तेवढेच गडद चॉकलेट खाल्ले तर थेट दुसऱ्या.

द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांचे प्रकरण यापेक्षा अवघड आहे. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात हे दोन दशकांहून अधिक काळ माहीत होते, पण एक कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो आणि दुसरा थोड्याशा फळांनी आजारी पडतो, याचा उलगडा होत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. द्राक्षाचे वाण आणि पिकण्याची अवस्था यांनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, हे त्या कोड्याचे बऱ्यापैकी पटणारे उत्तर आहे. नाशिकची द्राक्षे आणि तासगावचे बेदाणे वर्षभर घरात असणाऱ्या महाराष्ट्रासाठी ही माहिती महत्त्वाची आहेच, पण त्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असते आणि चिंच खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. आमटीत चिंच थोडीच पडते, हे खरे. पण बरणीतला चिंचेचा गोळा कुत्र्याने पळवला तर ती हसण्यावारी नेण्याची बाब नाही. बेदाण्यांबाबतही सुरक्षित संख्या सांगता येत नाही. उलट्या पहिल्या दिवसात सुरू होतात आणि मूत्रपिंडांची हानी एक ते तीन दिवसांत उघड होते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता खाल्ल्याबरोबर पशुवैद्यकांना फोन करणे योग्य.

कांदा आणि लसणातील गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा धोक्याचा मानला जातो. दहा किलोच्या कुत्र्यासाठी ते ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे घटक नष्ट होत नाहीत आणि लसूण कांद्यापेक्षा तीव्र असतो. परिणाम काही दिवसांनी दिसतो. कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर होते. मटणाचा उरलेला रस्सा भातावर ओतून देण्याची सवय त्यामुळेच मोडायला हवी; फोडणीपूर्वी त्याच्या वाट्याचे बाजूला काढणे सोपे आहे. साखरविरहित च्युइंगगम व काही टूथपेस्टमध्ये असणारे झायलिटॉल तर अर्ध्या तासात रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते.

विष नसलेल्या दोन गोष्टीही शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेतात. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचे बुरकंड. दोन्ही आतड्यात अडकतात.

माणसाचे औषध कुत्र्याला का चालत नाही?

इथे चूक बहुधा तापापासूनच सुरू होते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हाताला तो कायम तापलेलाच लागणार. नाक कोरडे किंवा गरम असणे हीदेखील तापाची खूण नाही. म्हणजे अनेकदा नसलेल्या तापावर गोळी दिली जाते.

पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला दर किलोमागे साधारण ७५ ते १०० मिलीग्रॅमपासून घातक ठरू शकते. बाजारात ६५० मिलीग्रॅमची गोळी सर्रास मिळते. पाच किलोच्या पॉमेरेनियनला ती एक गोळी म्हणजे दर किलोमागे १३० मिलीग्रॅम. मांजराला तर याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. अंगदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो, पुढे मूत्रपिंडे बिघडतात. काही औषधे पशुवैद्यकही देतात, पण वजन व आजार पाहून. औषधाचे नाव तेच असले तरी मात्रेचे गणित वेगळे असते.

उलट दिशेनेही हीच चूक होते. गोचीड घालवण्यासाठी जनावरांच्या गोठ्यातले सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळले जाते. तो ते चाटतो. थरथर, लाळ, सुस्ती, प्रसंगी झटके असा प्रकार मग सुरू होतो. औषध अंगावरच असेल तर भांडी घासण्याचा सौम्य साबण व भरपूर पाण्याने धुणे हा पहिला उपचार. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि नंतर कुत्र्याला कोरडे व उबदार ठेवावे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कुंडीतला सायकस आणि अंगणातली कण्हेर हीदेखील गंभीर विषे आहेत.

उंदराचे औषध पोटात गेले तर?

‘उंदराचे औषध’ हे एक विष नाही, हे पहिल्यांदा समजून घ्यावे लागते. वडीच्या रूपात मिळणारे ब्रोमॅडिओलोन रक्त गोठण्याची प्रक्रिया थांबवते. ते खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस नेहमीसारखा खेळतो, जेवतो. शरीरातील साठा संपल्यावर आत रक्तस्राव सुरू होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धाप, खोकला, पांढऱ्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसते. यावर ‘के-१’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे आणि वेळेत सुरू केला तर चांगला लागू पडतो, मात्र तो काही आठवडे द्यावा लागतो. ‘काही झाले नाही, पचवले त्याने’ असे म्हणत घालवलेले दोन दिवस जिवावर बेततात ते इथेच.

काळसर भुकटीच्या रूपातील झिंक फॉस्फाइड याच्या नेमके उलट वागते. जठरातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि मिनिटांत किंवा काही तासांत लक्षणे दिसू लागतात. पोटात अन्न गेले की आम्ल वाढते, म्हणून अशा वेळी खाऊ घालणे घातक. उतारा नाही. कुत्र्याच्या उलटीतून निघणारा हा वायू माणसालाही बाधतो. त्यामुळे खिडक्या उघडाव्यात, गाडीच्या काचा खाली ठेवाव्यात आणि उलटीवर वाकून पाहू नये. तिसरा प्रकार पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचा. फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो. त्यामुळे ‘विष उतरावे’ म्हणून दिलेले दूध-तूप ते शरीरात अधिक शोषले जाण्यास मदत करते.

तिन्हींची लक्षणे वेगळी, उपचार वेगळे. म्हणून पाकीट किंवा त्याचा फाटका तुकडा सापडणे फार मोलाचे. घरात असे औषध ठेवतानाच पाकिटाचा फोटो काढून ठेवणे ही साधी सवय आहे.

उलटी करवावी का?

या प्रश्नावर सर्वाधिक गैरसमज आहेत. मिठाचे पाणी पाजणे हा जुना, अजूनही सांगितला जाणारा उपाय मुळात धोकादायक आहे. उलटी झाली नाही तर मीठ रक्तात उतरते, सोडियम वाढून मेंदूवर सूज येते आणि झटके सुरू होतात. घशात बोटे घालण्याने घशाला इजा होते आणि बोटेही चावली जातात. परदेशी संकेतस्थळांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उल्लेख असतो, पण तेही फक्त तीन टक्क्यांचे आणि फक्त पशुवैद्यकांनी फोनवर सांगितल्यास. स्वच्छतागृहाचे आम्ल, कॉस्टिक सोडा, रॉकेल, टर्पेंटाइन पोटात गेल्यास उलटी कदापि करवू नये. आम्ल व क्षार अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतात, रॉकेल फुप्फुसात जाते. बेशुद्ध, झटके येत असलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याला, तसेच पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना, हा धोका अधिक. पशुवैद्यकांकडे उलटीचे इंजेक्शन असते, पण त्याचा उपयोग विष खाल्ल्यापासून साधारण पहिल्या एक-दोन तासांतच. घरगुती प्रयोगांत खरे तर तोच वेळ जातो.

फोन कुणाला आणि काय सांगायचे?

अमेरिका व ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या विषबाधेसाठी २४ तास चालणाऱ्या सशुल्क दूरध्वनी सेवा आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र माणसांसाठी आहे, श्वानपालकाला पाठ असावा असा तोडीचा क्रमांक नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक मुख्यतः पशुधनासाठीच्या फिरत्या पथकांचा. मुंबईत परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. तालुक्याच्या गावी रात्री अकरा वाजता चित्र वेगळे असते. तेव्हा रात्री कोण फोन उचलते, हे आधीच विचारून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग. फोनवर चार गोष्टी लागतात : काय खाल्ले, किती, केव्हा आणि कुत्र्याचे वजन. वजन बहुतेकांना माहीत नसते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचे वजन वजा करायचे.

उन्हाचा झटका, जखम आणि विजेचा धक्का...

कुत्रा घामाने नव्हे, मुख्यतः धापांनी अंग थंड करतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली, गच्चीवर किंवा बंद गाडीत तो यंत्रणा हरतो. बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांतच सुमारे ११ अंश सेल्सिअसने वाढू शकते. जोरदार धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणे दिसले की आधी गार करायचे आणि मगच गाडीत घालायचे, हा आता मान्य झालेला क्रम आहे. सावलीत नेऊन नळाचे पाणी अंगावर ओतत राहावे, पंखा लावावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, तो थोड्याच वेळात उष्णता कोंडतो. तोंडात बळेबळे पाणी ओतू नये. तापमान १०३ पर्यंत आले की थांबावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून किमान पाच मिनिटे धरायचे. थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच उचलले तर गुठळी निघते. कापड भिजले तर त्यावर दुसरे. वायर चावलेल्या पिल्लाला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. नंतर ते ठीक दिसले तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते, म्हणून तपासणी हवीच. पावसाळ्यात भेक तोंडात धरून फेस गाळणाऱ्या कुत्र्याचे तोंड मान खाली झुकवून धुवावे, पाणी घशाकडे नको. सर्पदंशात घट्ट बांधणे, चिरणे यांत वेळ न घालवता कमीत कमी चालवत उचलून न्यावे. श्वास व ठोके थांबलेच तर कुशीवर निजवून छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, तिच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी दबेल इतकी दाबावी. दर ३० दाबांनंतर तोंड मिटून नाकातून दोन श्वास द्यावेत.

मदत करणाऱ्याने स्वतःला कसे सांभाळावे?

वेदनेत असलेला कुत्रा मालकालाही चावतो. ओढणी किंवा बँडेजच्या पट्टीने तोंड बांधता येते, पण उलट्या होत असतील, झटके येत असतील किंवा श्वास लागला असेल तर बांधू नये. झटके येताना तोंडात हात किंवा चमचा घालू नये. आजूबाजूच्या वस्तू हटवून वेळ मोजावी. पाच मिनिटांहून लांबलेला झटका म्हणजे तातडीची निकड. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगावे, पण निर्णय त्यांच्यावर सोडावा. पुढील दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवले जाते. त्या काळात तो दगावला, तर कारण विषबाधेचेच वाटत असले तरी चावा बसलेल्याच्या डॉक्टरांना ते कळवणे आवश्यक असते.